लिनिअर फेज ईक्यू कुठे लावायचा आणि कुठे टाळायचा

किकवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, दोन माइक होते. एक ड्रमच्या आत, बीटरच्या समोर. दुसरा बाहेर, पुढच्या हेडपासून वीतभर अंतरावर. दोन्ही ट्रॅक वेळेत जुळवलेले, पोलॅरिटी (लहरीची सुलट-उलट दिशा) तपासलेली, आणि एकत्र वाजवले की छातीत जाणवेल असा ठोका. बाहेरच्या माइकमध्ये बेस अँपची घरघर शिरली होती, म्हणून मी त्या ट्रॅकवर ८० हर्ट्झचा हाय-पास लावला, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर, २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा (फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की २४ डीबी कमी). घरघर गेली आणि तिच्याबरोबर ठोक्यातला जीवही गेला. आतल्या माइकचा फेडर वर केला, कॉम्प्रेसर बदलला, त्यात तासभर गेला. शेवटी बाहेरचा ट्रॅक म्यूट करून पाहिला तेव्हा किक एकदम मोठी झाली. एक ट्रॅक बंद केल्यावर आवाज वाढत असेल, तर ते दोन ट्रॅक एकमेकांना खात होते हे उघड आहे.

असं का झालं याचा हिशेब मी वहीत मांडला, आणि लिनिअर फेज ईक्यू नेमका कशासाठी आहे हे मला त्या वहीतच समजलं. म्हणून आधी तो हिशेब सांगतो.

ईक्यू म्हणजे आवाजातल्या वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींची पातळी कमीजास्त करणारं साधन. आपण रोज वापरतो तो साधा ईक्यू मिनिमम फेज जातीचा असतो. ॲनालॉग कन्सोलवरचे ईक्यू याच जातीचे, आणि डीएडब्ल्यूमधले (रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधले) नेहमीचे ईक्यूही बहुतेक याच जातीचे. हा ईक्यू एखाद्या फ्रीक्वेन्सीची पातळी बदलतो तेव्हा तिची फेजही, म्हणजे लहर आवर्तनात कुठे आहे ती जागा, फिरवतो. हा प्लगइनमधला दोष नाही, त्या फिल्टरचा तो स्वभाव आहे. २४ डीबीच्या बटरवर्थ हाय-पासमध्ये (हा नेहमीचा प्रकार) कटऑफवर, म्हणजे कट सुरू होतो त्या फ्रीक्वेन्सीवर, पातळी ३ डीबीने उतरते आणि फेज पूर्ण १८० अंश फिरते. आता माझे दोन किक ट्रॅक घ्या. ईक्यूआधी दोन्ही ८० हर्ट्झला सारख्याच पातळीवर होते असं धरा. दोन सारखे आवाज एकाच फेजमध्ये मिळाले की बेरीज एका ट्रॅकपेक्षा ६ डीबी जास्त. हाय-पास लावल्यावर दुसरा ट्रॅक ०.७ पट झाला आणि उलटाही झाला. १ मधून ०.७ गेले, उरले ०.३. म्हणजे एकट्या आतल्या माइकपेक्षाही जवळपास ११ डीबी कमी. आधीच्या बेरजेच्या तुलनेत १७ डीबीच्या आसपास घसरण, तीही किकचं पोट असतं त्या जागेवर. आणि हा परिणाम कटऑफपाशी संपत नाही. १६० हर्ट्झला पातळी जवळजवळ पूर्ववत झालेली असते, पण फेज अजून ७८ अंश फिरलेली असते, आणि तिथेही बेरजेतून २ डीबीपेक्षा जास्त गळतात. ईक्यूच्या आलेखावर १६० हर्ट्झला रेषा सपाट दिसते, म्हणून आपला संशय तिकडे जातच नाही.

तोच हाय-पास लिनिअर फेज असता तर पातळी तितकीच उतरली असती, फेज मात्र जागची हलली नसती. १ अधिक ०.७, म्हणजे एका ट्रॅकपेक्षा ४.६ डीबी जास्त. घरघर गेली असती आणि ठोका जवळजवळ शाबूत राहिला असता.

लिनिअर फेज ईक्यू सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखाच उशीर करतो. सगळेच सारखे उशिरा आले की त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही, आणि तो उशीर डीएडब्ल्यू बाकीच्या ट्रॅकना तितकंच थांबवून भरून काढतो. त्यामुळे ईक्यूला हात लावण्याआधी मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो. हा आवाज दुसऱ्या कुठल्या वाटेनेही मिक्समध्ये येतो आहे का, आणि पुढे ह्या दोन वाटा एकत्र होणार आहेत का? उत्तर हो असेल तर लिनिअर फेजचा विचार करायचा. नाही असेल तर साधा ईक्यू लावून पुढच्या कामाला लागायचं.

फेज किती फिरते

लोक फेजला गरजेपेक्षा जास्त भितात. बेल फिल्टरने, म्हणजे एका फ्रीक्वेन्सीभोवतीचा पट्टा उचलणाऱ्या किंवा दाबणाऱ्या फिल्टरने, ३ डीबी वाढवलं किंवा कापलं तर फेज जास्तीत जास्त १० अंश फिरते. ६ डीबीला २० अंशांच्या आत. १२ डीबीला साधारण ३७ अंश. क्यू (त्या पट्ट्याची रुंदी ठरवणारा नॉब) रुंद असो की अरुंद, हा कमाल आकडा तोच राहतो. क्यूमुळे एवढंच ठरतं की हे फिरणं किती पट्ट्यात पसरेल. दोन ट्रॅकपैकी एकावर ३ डीबीचा बेल लावला आणि दोन्ही एकत्र केले, तर फेजमुळे होणारं नुकसान ०.०३ डीबीच्या घरात येतं. ते कुणाच्याही कानाला कळणार नाही.

खरा धोका उताराच्या फिल्टरमध्ये आहे, म्हणजे हाय-पास आणि लो-पासमध्ये (लो-पास वरचा आवाज कापतो). ६ डीबीच्या उताराला कटऑफवर ४५ अंश, १२ डीबीला ९०, २४ डीबीला १८०. ४८ डीबीच्या उतारात तर पूर्ण एक फेरा. म्हणून किकच्या त्या प्रसंगात पहिला उपाय लिनिअर फेज नव्हताच. उतार २४ वरून १२ वर आणला असता तरी कटऑफवरची बेरीज वजा ११ डीबीऐवजी अधिक १.८ डीबी झाली असती. दुसरा उपाय त्याहूनही सोपा आहे. कट दोन्ही माइकना चालणार असेल तर तो ट्रॅकवर न लावता दोन्ही जिथे मिळतात त्या बसवर (एकत्र चॅनलवर) लावा. दोघांची फेज सारखीच फिरेल आणि आपसातला फरक शून्य राहील. हे दोन्ही करून भागलं नाही, तरच पुढे जा.

ठोक्याच्या आधी येणारी लहर

हा धडा मिळाल्यावर मी काही महिने सरसकट सगळीकडे लिनिअर फेज लावत होतो. फेज हलतच नाही तर नाही का म्हणायचं, असं वाटायचं. मग एका रॉक गाण्याचं मिक्स ऐकायला त्या बँडचा ड्रमर माझ्या शेजारी बसला. डोळे मिटून ऐकत होता. चौथ्या बारला त्याने हात वर केला आणि म्हणाला, "किक श्वास घेऊन वाजते आहे." मला काही कळलं नाही. त्याने पुन्हा लावायला सांगितलं आणि प्रत्येक ठोक्याच्या किंचित आधी टेबलावर बोट टेकवून दाखवलं. त्या जागी नीट कान दिल्यावर मलाही ऐकू आलं. ठोका पडायच्या आधी एक मऊ, खालच्या सुरातला फुगवटा उठत होता.

त्याला प्री-रिंगिंग म्हणतात. प्रत्येक फिल्टर थोडा घुमतो. साध्या ईक्यूमध्ये ते घुमणं सगळं ठोक्याच्या नंतर येतं. लिनिअर फेज फिल्टरचा आकार वेळेत सममित असतो, डावी बाजू उजवीसारखीच, त्यामुळे घुमण्याचा अर्धा वाटा ठोक्याच्या आधी येऊन बसतो. ठोक्यानंतरचं घुमणं आपले कान सहज माफ करतात. मोठ्या आवाजानंतर १०० ते २०० मिलिसेकंदांपर्यंतचा हलका आवाज त्याच्या सावलीत झाकला जातो. आधीच्या बाजूला ही सावली फार तोकडी असते, काही मिलिसेकंदांचीच. शिवाय निसर्गात कुठलाही ठोका स्वतःच्या आधी घुमत नाही, त्यामुळे असलं काही ऐकू आलं की ते लगेच खटकतं.

किती घुमेल याचा ढोबळ हिशेब डोक्यात ठेवण्याजोगा आहे. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, १० किलोहर्ट्झचं ०.१ मिलिसेकंदाचं. फिल्टर घुमतो तो काही आवर्तनं, म्हणून वरच्या टोकाला दोनचार आवर्तनं आधी आली तरी ती सावलीत मावतात. खालच्या टोकाला एकच आवर्तन सावलीबाहेर पडतं. उतार जितका तीव्र किंवा क्यू जितका अरुंद, तितकी आवर्तनं जास्त. त्यामुळे १० किलोहर्ट्झवरचा रुंद शेल्फ (तिथून वरचं सगळं उचलणारा किंवा दाबणारा फिल्टर) लिनिअर फेजमध्ये निर्धास्त लावा. ६० हर्ट्झवर क्यू ४ चा बेल असेल तर मात्र ठोक्याच्या आधी वीसेक मिलिसेकंदांहून लांब शेपटी येणार, आणि ती ऐकू येणार.

हे वाचून सोडून देऊ नका. अर्ध्या तासाचं काम आहे, एकदा स्वतः करून बघा. नवीन सेशन उघडा. एक कोरडा रिमशॉट घ्या, रिव्हर्ब नसलेला, आणि त्याच्या आधी पूर्ण एक सेकंद शांतता ठेवा. ट्रॅकची दुसरी प्रत काढा. पहिल्या ट्रॅकवर साधा हाय-पास, दुसऱ्यावर लिनिअर फेज, दोन्हींना ८० हर्ट्झ आणि ४८ डीबीचा उतार. दोन्ही रेंडर करा आणि एकाखाली एक ठेवून ठोक्याची जागा झूम करा, इतकी की पडद्यावर १०० मिलिसेकंदच मावतील. ट्रॅकची उभी उंचीही वाढवा, नाहीतर लहर रेषेसारखीच दिसेल. साध्या ईक्यूच्या ट्रॅकवर ठोक्यापर्यंत सपाट रेषा आहे आणि नंतर खालच्या सुराची लाट उतरत जाते. दुसऱ्या ट्रॅकवर ती लाट ठोक्याच्या दोन्ही बाजूंना आहे. डावीकडची लाट हळूहळू मोठी होत ठोक्याला येऊन मिळते.

आता उतार ४८ वरून २४, मग १२ करा आणि दर वेळी रेंडर करून त्याच जागी बघा. डावीकडची लाट आखडत जाते. मग त्याच १२ डीबीच्या उताराने कटऑफ ८० वरून ३०० वर न्या. लाट आहे, पण ठोक्याला चिकटलेली. ही चित्रं एकदा पाहिली की पुढे नॉब फिरवताना डावीकडची लाट आपोआप डोळ्यासमोर येते. हाच प्रयोग किकच्या आवाजावरही करा आणि डोळे मिटून ऐका. त्या ड्रमरचं बोट मला आजही तिथेच टेकलेलं दिसतं.

त्या गाण्यात पुढे काय केलं तेही सांगतो. बहुतेक ट्रॅकवर साधा ईक्यू परत आला. फक्त किकच्या बाहेरच्या माइकवर लिनिअर फेज ठेवला, ७० हर्ट्झ, १२ डीबी, आणि त्याच्या पुढे गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद ठेवणारं साधन, बसवलं. गेट ठोक्यावर उघडतं, त्यामुळे ठोक्याच्या आधी उरलेली हलकी लहर गेट बंद असतानाच निघून जाते. क्रम इथे महत्त्वाचा आहे. आधी ईक्यू, मग गेट. उलट लावलं तर गेटने साफ केलेल्या शांततेत ईक्यू पुन्हा लहर सोडतो. गेटला लुकअहेड (आवाज आधीच बघून उघडण्याची सोय) असेल तर तो शून्यावर आणा, नाहीतर ते लहरीलाच आत घेईल.

लेटन्सी आणि रेझोल्यूशन

लिनिअर फेज ईक्यू भविष्यातला आवाज आधी बघून काम करतो, आणि त्यासाठी त्याला थांबावं लागतं. हा उशीर, म्हणजे लेटन्सी, फिल्टरच्या लांबीच्या निम्मा असतो. ४४.१ किलोहर्ट्झला ८१९२ सॅम्पलचा फिल्टर म्हणजे ४०९६ सॅम्पल, म्हणजे ९३ मिलिसेकंद. लांबीवरच फिल्टरची नजर, म्हणजे रेझोल्यूशन, किती बारीक तेही ठरतं. ४४१०० भागिले ८१९२, साधारण ५.४ हर्ट्झ. लांबी निम्मी केली तर उशीर निम्मा, पण नजर ११ हर्ट्झची. ११ हर्ट्झच्या पट्टीने ५ किलोहर्ट्झवर काहीच बिघडत नाही. ४० हर्ट्झवरचा अरुंद कट मात्र तुम्ही आखला तसा पडतच नाही, तो पसरट आणि उथळ होतो. सेशन ९६ किलोहर्ट्झचं असेल आणि प्लगइन लांबी आपणहून वाढवत नसेल, तर तीच लांबी आणखी जाड नजरेने बघते.

फॅबफिल्टर प्रो-क्यू ३ मध्ये ४४.१ किलोहर्ट्झला सगळ्यात कमी रेझोल्यूशनवर ७० मिलिसेकंद आणि सगळ्यात जास्तवर दीड सेकंद एवढा उशीर होतो. मोठं रेझोल्यूशन म्हणजे चांगलं असं समजू नका. लांब फिल्टरला घुमायलाही लांब जागा मिळते. मी कमी रेझोल्यूशनवर सुरुवात करतो, खालच्या टोकाचा आकार हवा तसा येत नसेल तरच एक पायरी वर जातो.

रेकॉर्डिंग चालू असताना हा ईक्यू चालत नाही. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये दहाबारा मिलिसेकंद उशिरा आला तरी तो अडखळतो. मिक्सच्या मधेच एखादी ओळ पुन्हा गायची वेळ आली तर क्यूबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन, लॉजिकमध्ये लो लेटन्सी मोड चालू करता येतो. साधा उपाय म्हणजे लिनिअर फेज लावलेला ट्रॅक फ्रीझ करणं, म्हणजे तात्पुरता रेंडर करून ठेवणं. आणखी एक, लिनिअर फेजच्या बँडवर ऑटोमेशन टाळा. फ्रीक्वेन्सी सरकली की फिल्टर नव्याने घडवावा लागतो, आणि त्या सांध्यावर खडखड ऐकू येऊ शकते.

एका ओळीत तीन लिनिअर फेज ईक्यू लावले तर उशिरांची बेरीज होते आणि लहरींचीही. बदल एकाच ईक्यूत करा. क्यूबेसच्या फ्रीक्वेन्सी ईक्यूमध्ये लिनिअर फेज प्रत्येक बँडला वेगळा चालू करता येतो, ही सोय फार कामाची आहे. लॉजिकमध्ये त्याच स्लॉटमध्ये चॅनल ईक्यूच्या जागी लिनिअर फेज ईक्यू टाकला की सगळी सेटिंग्ज तशीच येतात, त्यामुळे तुलना सोपी जाते.

मी तो कुठे लावतो

पॅरलल कॉम्प्रेशनमध्ये हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. ड्रम बसची एक प्रत दाबून मूळ आवाजाखाली मिसळायची असते, आणि त्या प्रतीतून खालचा भाग काढायचा असतो. प्रत आणि मूळ म्हणजे तोच आवाज दोन वाटांनी, तेव्हा किकची गोष्ट जशीच्या तशी घडते. पण आधी हे ठरवा की कट खरंच आवाजाला हवा आहे, की कॉम्प्रेसर किकमुळे सारखा दबू नये एवढंच हवं आहे. दुसरं असेल तर कॉम्प्रेसरच्या साइडचेन फिल्टरमध्ये १०० हर्ट्झचा हाय-पास लावा. तो फिल्टर फक्त डिटेक्टरला (पातळी मोजणाऱ्या भागाला) लागतो, आवाज त्यातून जातच नाही, म्हणून फेजचा प्रश्नच उरत नाही. प्रतीतला खालचा भाग खरोखर नको असेल तर लिनिअर फेज, १२ डीबीचा उतार, कॉम्प्रेसरच्या आधी. आणि कॉम्प्रेसरने वर ओढल्यावर ठोक्याआधीची लहर ऐकू येते का, ते ती प्रत सोलो करून तपासा, कारण दाबताना हलक्या गोष्टी मोठ्या होतात.

बेस गिटारचा डीआय (गिटारमधून तारेने थेट घेतलेला सिग्नल) आणि अँपचा माइक ही जोडी हुबेहूब तशीच. डीआयमधून खालचा भाग घ्यायचा, अँपमधून मधला, म्हणजे एकाला लो-पास आणि दुसऱ्याला हाय-पास, साधारण २०० हर्ट्झच्या आसपास. साध्या फिल्टरने जोडाच्या जागी एकतर खड्डा पडतो नाहीतर फुगवटा येतो, आणि बेसवादक वर-खाली सरकला की काही सूर गायब होतात. लिनिअर फेजमध्ये फेजमुळे खड्डा पडत नाही. त्याआधी मात्र दोन्ही ट्रॅक वेळेत जुळवा. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर चालतो, त्यामुळे अँपपासून फूटभर दूर ठेवलेला माइकही डीआयपेक्षा जवळपास एक मिलिसेकंद मागे असतो. बेस वाजताना प्रत्येक सुराला किकसारखा कडक अटॅक नसतो, म्हणून लहरीचा त्रास इथे कमी होतो. स्लॅप वाजवलेला बेस असेल तर तो दिलासा नाही. तिथे मी उतार १२ च्या वर नेत नाही.

ओव्हरहेड (ड्रमसेटच्या वर लावलेले माइक) आणि स्नेअरच्या जवळच्या माइकचंही तेच. ओव्हरहेडवर ३०० हर्ट्झचा हाय-पास हवा आहे आणि तुम्ही स्नेअर मेहनतीने जुळवून घेतला आहे, तर लिनिअर फेजने ती मेहनत वाया जात नाही.

मिड-साइड ईक्यू हा प्रकार थोडा थांबून बघण्यासारखा आहे, कारण इथे चूक कानाला कळते पण कारण सापडत नाही. मिड म्हणजे डाव्या-उजव्याची बेरीज, साइड म्हणजे वजाबाकी. ईक्यूनंतर त्यांचीच पुन्हा बेरीज-वजाबाकी होऊन डावं-उजवं तयार होतं, म्हणजे दोन वाटा एकत्र येणारच. समजा फ्लोर टॉम पूर्ण डावीकडे आहे आणि तुम्ही फक्त साइडवर १२० हर्ट्झचा १२ डीबीचा हाय-पास लावला. साध्या ईक्यूत साइडची फेज १२० हर्ट्झला ९० अंश फिरते. हिशेब केला तर १२० हर्ट्झला डावीकडे आणि उजवीकडे टॉम अगदी सारख्या पातळीवर येतो, आणि दोघांमध्ये ७० अंशांचा फेजचा फरक राहतो. टॉम धड डावीकडे नाही, धड मध्ये नाही. हेडफोनमध्ये तर तो डोक्याच्या आत कुठेतरी पोकळ वाजतो. लिनिअर फेजने तोच कट केला तर डावीकडे दीड डीबीहून कमी घट आणि उजवीकडे १५ डीबी खाली हलकी सावली. टॉम जागेवर राहतो. मिड आणि साइडला वेगवेगळं काही करायचं असेल तर माझा हात आता आपोआप लिनिअर फेजकडे जातो.

मास्टर बसवर, म्हणजे पूर्ण मिक्सवर, मात्र मी तो फार कमी वापरतो. १ डीबीचा रुंद शेल्फ असेल तर दोन्ही जातींमधला फरक इतका हलका असतो की कानाला आवडेल तो ठेवावा. मास्टरवर ३० हर्ट्झचा तीव्र लिनिअर फेज हाय-पास लावणं मी पूर्ण टाळतो. ३० हर्ट्झचं एक आवर्तनच ३३ मिलिसेकंदांचं, आणि त्याची लहर गाण्यातल्या प्रत्येक किकच्या आधी येणार. खालची घाण काढायचीच असेल तर ती ज्या ट्रॅकवर आहे तिथे साध्या ईक्यूने काढा.

रेझोनन्स साध्या ईक्यूनेच काढा

ॲकूस्टिक गिटारची पेटी साधारण १०० हर्ट्झला घुमते, आणि माइक साउंडहोलच्या समोर असेल तर तिथले दोनतीन सूर बाकीच्यांपेक्षा फुगून येतात. अशा घुमण्यावर, म्हणजे रेझोनन्सवर, लिनिअर फेज लावू नका. पेटीचं, स्नेअरच्या शेलचं, स्पीकरच्या कोनचं घुमणं हे स्वतःच मिनिमम फेज स्वभावाचं असतं. ते पातळी वाढवतं, फेज फिरवतं आणि नंतर थोडा वेळ रेंगाळतं. त्याच फ्रीक्वेन्सीवर, त्याच रुंदीचा, तेवढाच साधा कट लावला तर तिन्ही गोष्टी एकदम उलट होतात, आणि रेंगाळणंही आखडतं. लिनिअर फेजचा कट फक्त पातळी खाली आणतो. फेज आणि रेंगाळणं तसंच राहतं, वर आधीच्या बाजूला नवी लहर. फ्रीक्वेन्सी शोधताना घाई करू नका. बेल ६ डीबी वर करून सूर सगळ्यात जास्त फुगतो ती जागा धरा, मग गेन खाली आणून क्यू हळूहळू बदलत रेंगाळणं थांबेपर्यंत ऐका. बरोबर जागी बसला की सूर फक्त बारीक होत नाही, तो कोरडाही होतो. हा फरक माझ्या मते मिक्सिंगमधल्या सगळ्यात समाधानाच्या क्षणांपैकी एक आहे.

लिनिअर फेज ईक्यू जवळ नसेल तर

साध्या ईक्यूने तेच काम करता येतं, फक्त रेंडर करावं लागतं. ३ डीबी हवे असतील तर १.५ डीबी लावून रेंडर करा. फाइल उलटी करा, म्हणजे शेवट आधी. तोच १.५ डीबी पुन्हा लावून रेंडर करा, आणि परत सुलटी करा. पहिल्या फेरीत फेज जितकी एका दिशेला फिरली तितकीच दुसऱ्या फेरीत उलट्या दिशेला फिरते, आणि फरक शून्य. हाय-पास असेल तर उतार दुप्पट होतो, १२ चा २४, आणि कटऑफवर ३ ऐवजी ६ डीबी उतरतात, हे धरून कटऑफ थोडा खाली ठेवा. फाइलच्या दोन्ही टोकांना दोन सेकंद शांतता सोडा, नाहीतर शेपटी कापली जाते. ठोक्याआधीची लहर इथेही येते, तेव्हा वरचे सगळे नियम इथेही लागू.

तुलना करताना प्लगइन मधेच बायपास करून निर्णय घेऊ नका. मोड बदलला की लेटन्सी बदलते, डीएडब्ल्यू क्षणभर अडखळतो आणि त्या खंडात कान आधीचा आवाज विसरतो. मी तोच भाग दोनदा रेंडर करतो, एक साध्या ईक्यूने, एक लिनिअर फेजने, पातळी अर्धा डीबीचाही फरक न ठेवता जुळवतो, आणि दोन ट्रॅक आळीपाळीने सोलो करून ऐकतो. मग दोन्हींपैकी एकाची पोलॅरिटी उलटी करून एकत्र वाजवतो. जे ऐकू येतं तेवढाच दोघांतला फरक. त्यात ठोक्याच्या आधी काही उठतं का ते ऐकतो, मग मूळच्या पोलॅरिटीवर परत येऊन पूर्ण मिक्स मोनोमध्ये लावतो, आणि ज्या ट्रॅकने किक जागच्या जागी ठेवली आहे तो ठेवून दुसरा पुसून टाकतो.